ग्लीमचा प्रोग्राम एका एक्झी फाइलमध्ये

सोसायटीच्या थकबाकीचा हिशेब काढणारा छोटा प्रोग्राम मी ग्लीम या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय. चालवणार आमचे खजिनदार काका, विंडोज लॅपटॉपवर. त्यांना ‘आधी अर्लांग इन्स्टॉल करा’ म्हणण्यात अर्थ नाही.

अडचण अशी की ग्लीम थेट मशिन कोड बनवत नाही. मार्च २०२४ मध्ये १.० आवृत्ती आलेली ही भाषा तुमच्या कोडचं अर्लांग किंवा जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषांत रूपांतर करून देते. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे रनटाइम, कुठूनतरी आणावाच लागतो.

ज्या मशिनवर अर्लांग आहे तिथे काम सोपं. सर्व्हरसाठी ‘ग्लीम एक्सपोर्ट अर्लांग-शिपमेंट’ चालवा, तयार झालेला फोल्डर उचलून न्या. एकच फाइल हवी असेल तर ग्लीस्क्रिप्ट नावाचं पॅकेज आहे. पण दोन्हींना समोर अर्लांग लागतंच, त्यामुळे काकांसाठी बाद.

मग जावास्क्रिप्टची वाट. ‘ग्लीम बिल्ड --टार्गेट जावास्क्रिप्ट’ दिलं की बिल्ड, डेव्ह, जावास्क्रिप्ट अशा फोल्डरांत प्रत्येक मॉड्यूलची डॉट एमजेएस फाइल पडते. त्यात मेन फंक्शन असतं, पण त्याला कोणी हाक मारत नाही. म्हणून दोन ओळींची वेगळी फाइल करा: पहिलीत मेन इम्पोर्ट, दुसरीत मेन कॉल. ही फाइल ‘बन’ नावाच्या जावास्क्रिप्ट रनटाइमला द्या: ‘बन बिल्ड --कंपाइल’, पुढे फाइलचं नाव, आणि ‘--आउटफाइल’नंतर हवं ते नाव. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी हवी असेल तर टार्गेट ‘बन-विंडोज-एक्स६४’. लॅपटॉप २०१३ च्या आधीचा असेल तर त्यापुढे ‘-बेसलाइन’ जोडा, कारण नेहमीच्या बिल्डला लागणाऱ्या एव्हीएक्स२ सूचना जुन्या प्रोसेसरवर नसतात. विंडोज ७ असेल तर हा मार्गच बंद.

फाइल पन्नास एमबीच्या वर जाते, कारण अख्खा बन आत बसलेला असतो. पोस्टकार्ड पाठवायला ट्रक, पण चालतं.

अर्लांग की जावास्क्रिप्ट, हे मात्र कोड लिहायच्या आधी ठरवा. जावास्क्रिप्टवर अर्लांगच्या प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणारी कामं, नाहीत. त्यामुळे त्यांवर बांधलेलं ग्लीम ओटीपी हे पॅकेज वापरलं असेल तर पुन्हा लिहावं लागेल. पूर्णांकही तिथे फ्लोटच, म्हणजे दशांश संख्यांसारखेच साठवलेले, असतात. नव्वद लाख अब्जांच्या पुढे अचूकता जाते. अर्लांगवर ही मर्यादा नाही. सोसायटीच्या थकबाकीला ती पुरून उरते, आमच्या तिसऱ्या मजल्याचा हिशेब धरूनही. फाइल वाचायला सिम्प्लिफाइल हे पॅकेज घ्या, ते दोन्हीकडे चालतं.

आता पोहोचवणं. जीमेल एक्झी अडवतं, झिप केलेलीही, पेनड्राइव्ह बरा. डिजिटल सही नसलेल्या प्रोग्रामवर विंडोजचा निळा इशारा येऊ शकतो. ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ कुठे दाबायचं ते शेजारी बसून दाखवा. आणि काका डबल-क्लिकच करणार: काळी खिडकी उघडेल, उत्तर दिसायच्या आत मिटेल. सोबत दोन ओळींची बॅच फाइल ठेवा, पहिलीत प्रोग्रामचं नाव, दुसरीत ‘पॉज’. डेस्कटॉपवर शॉर्टकट तिचाच.