जुन्या घरातलं सागवान आणि भिंतीचा रंग: या चुका टाळा

सागवानी चौकटी, खांब, कडीपाटाचं छत राखायचं ठरलं की घरात पहिलं येतं ते शेड कार्ड. गडबड तिथूनच सुरू होते. लाकडाचा रंग ठरलेला आहे, तो बदलणार नाही. जुळवून घ्यायचं ते भिंतीने, आणि त्यासाठी लाकूड खरं कसं आहे ते आधी दिसायला हवं.

मळक्या लाकडावरून रंग ठरवणं

वर्षानुवर्षांचं पॉलिश, धूर आणि तेलकट हात यांनी सागवान काळपट दिसू लागतं. दाराच्या बिजागरीकडची, सहसा न दिसणारी कड टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. मळ निघाल्यावर लाकूड ओलं असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर येईल. मग स्पिरिटचा बोळा त्याच जागी घासा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी लागलं, तर ते जुनं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. चपड्यात मेण असतं, त्यामुळे त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारलं तर पकड धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. एकतर पुन्हा चपडाच द्या, नाहीतर जुना थर पूर्ण काढा.

लाकडावर ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारत वॉटरपेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका.

‘पांढरा काय, कशावरही चालतो’

जुन्या लाकडाशेजारी झगझगीत पांढरा लावला की लाकूड काळं आणि कळकट दिसतं. निळसर पांढऱ्याचं दुखणं वेगळं: निळा आणि नारिंगी एकमेकांना उठाव देतात, त्यामुळे सागवान भडक नारिंगी होतं. चुन्यात नीळ घालायची सवय असलेले रंगारी अजूनही आहेत, त्यांना आधीच सांगून ठेवा. पांढराच हवा असेल तर तो पिवडीने (पिवळ्या मातीच्या रंगाने) थोडा मोडून घ्या, अगदी किंचित काळा स्टेनर (छटेसाठी मिसळायचा दाट रंग) घालून शांत करा. स्टेनर थेंबाथेंबाने, आणि संपूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी कालवून; दुसऱ्या बादलीत तीच छटा पुन्हा येत नाही.

क्रीम आणि पीच

सुरक्षित म्हणून सगळे हेच निवडतात, आणि आमच्या मते सागवानाजवळ सर्वांत वाईट दिसणारे हेच. लाकूड पिवळसर-तांबूस, भिंतही तशीच; चौकट भिंतीत विरघळून जाते. राखाडी झाक असलेला हिरवा, मातकट राखाडी किंवा गेरूचा फिका हात सागवानाला चांगला शोभतो. कोकणातल्या घरात फणसाचं लाकूड असेल तर ते जुनं होताना पिवळ्याचं तांबूस तपकिरी होतं, तिथेही हाच हिशेब. शिसवात जांभळट झाक असते. त्याला उबदार, पिवडीकडे झुकणारा पांढरा बरा.

शेड कार्डच्या चौकोनावर भरवसा

दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या आणि तो चौकटीला चिकटून उभा करा. जुन्या भिंतीवरच पट्टा ओढला तर आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत पांढराही राखाडी पडतो. 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या एलईडीखाली सागवान निस्तेज दिसतं, 2700 ते 3000 च्या पिवळसर दिव्याखाली खुलतं. रंग लावून झाल्यावर ‘लाकूड मेल्यासारखं दिसतंय’ वाटलं तर भिंतीला हात लावण्याआधी दिवे बदलून बघा. ते स्वस्त आहे.

चुन्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट

छटा अचूक असली तरी इथे सगळं फुकट जातं. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. वर लांबी (पुट्टी) आणि प्लॅस्टिक इमल्शन चढवलं की ओल आत अडकते, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो, पोपडे धरतात. चौकटीलगत हे आधी दिसतं, कारण तिथे भेग असते. ओल कुठून येते ते शोधून बंद करा, मग चुनाच द्या: 1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी, 24 तास मुरवून फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक, आणि दोन-तीन पातळ हात. चुना भिजताना उकळतो, म्हणून लोखंडी पिंप वापरा आणि डोळे सांभाळा. छटेसाठी गेरू आणि पिवडी घ्या. दोन्ही लोहयुक्त मातीचे रंग आहेत, चुन्यात विटत नाहीत; बाकीचे अनेक रंग उडतात. चुना ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, तेव्हा ‘फिका पडला’ म्हणून लगेच तिसरा हात मारायची घाई नको.

चकचकीत फिनिश जुन्या भिंतीला नकोच. खिडकीतून तिरपा उजेड आला की प्रत्येक उंचवटा दिसतो.

कामाचा उलटा क्रम

भिंत आधी आणि लाकूड नंतर केलं तर घासकामाची धूळ ताज्या रंगावर बसते. आधी लाकूड घासा, पॉलिशचा पहिला हात द्या, मग भिंत, आणि शेवटी पॉलिशचा अखेरचा हात. ताज्या पॉलिशवर मास्किंग टेप लावू नका. काढताना पॉलिश सोबत येतं. पॉलिश नीट वाळल्यावर कमी चिकट टेप लावा आणि भिंतीचा रंग पूर्ण सुकण्याआधीच तिरपी ओढून काढा.