टेरेसवर काचेची खोली बांधताय? या चुका टाळा

अशी काचेची खोली, म्हणजे सनरूम, ही मुळात थंड देशांची गरज. तिथे हिवाळ्यातलं जेमतेम ऊन घरात अडवून ठेवायचं असतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत उन्हाला बोलवावं लागत नाही. इथे अशी खोली टिकणार की नाही, हे जून ते सप्टेंबर हे चार महिने ठरवतात. तरीही घोडबंदर रोडच्या टॉवरपासून नेरुळच्या रो-हाउसपर्यंत चर्चा सुरू होते ती काचेच्या रंगापासून. सांगाडा काय तो फॅब्रिकेटर बघून घेईल!

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. छत पडू नये याची काळजी सगळे घेतात, ते उडू नये याची कोणी घेत नाही. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो. १२ बाय १० फुटांचं छत घेतलं, तर जोर तेराशे किलोंच्या घरात जातो. इमारतीची उंची, आजूबाजूचा आडोसा आणि छताचा आकार यांवर हा आकडा वर-खाली होईल. पण एवढ्याच छतावरच्या १० मिलिमीटरच्या पोकळ पॉलिकार्बोनेट शीटचं (काचेऐवजी छताला वापरतात त्या प्लास्टिकच्या शीटचं) वजन वीस किलोही भरत नाही. म्हणजे सांगाड्याचं खरं काम शीट तोलण्याचं नाही, ती खाली धरून ठेवण्याचं आहे.

म्हणून ‘पॅरापेटलाच अँगल मारू, स्लॅबला हात लावायला नको’ हे ऐकू नका. साडेचार इंची विटांच्या कठड्याला हा जोर झेपत नाही. खांब आरसीसीवरच उभे राहायला हवेत, शक्यतो खाली बीम किंवा कॉलम असेल तिथे. पण ब्रिकबॅट कोब्यातून (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थरातून) थेट ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या फ्लॅटच्या छतावर डाग उमटतात. आधी तेवढ्यापुरता कोबा उघडून स्लॅबला सळईने बांधलेले छोटे पेडेस्टल (काँक्रीटचे ओटे) घ्या, वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवा आणि खांबाच्या तळाची बेसप्लेट त्यावर बसवा. हे डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, त्याची फी वाचवू नका.

सोसायटीचा टेरेस सामाईक असतो, आणि स्वतःच्या टेरेसवरही महापालिकेची परवानगी विचारावी लागते. ‘तात्पुरती शेड आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही.

खोली आधीच बांधून झाली असेल, तर लक्षणं ओळखा. दुपारी छतातून टकटक आवाज येतो? शीटला पसरायला जागा ठेवलेली नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की तीन मीटरची शीट जवळपास ८ मिलिमीटर वाढते. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठंच हवं, नाहीतर त्याच्याभोवती तडे जातात. पोकळीत शेवाळं धरलंय? वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद आणि खालचं हवा व पाणी सोडणाऱ्या सच्छिद्र टेपने झाकलेलं असायला हवं. शीट लवकर पिवळी पडली, तर यूव्ही (अतिनील) किरण अडवणाऱ्या थराची बाजू बहुधा खाली गेली आहे. दर पावसाळ्यात सिलिकॉन भरूनही गळतंच? मग सिलिकॉनची नळी बाजूला ठेवा. छताचा उतार मोजा आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं उघडी आहेत का ते बघा. ती बहुतेक वेळा रंगकाम करणाऱ्यांनीच बुजवलेली असतात.

खोलीची भट्टी झाली असेल, तर थेट एसी लावू नका. गरम हवा वरून बाहेर जायला वाट द्या. पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून ही झडप विरुद्ध बाजूला, छताच्या उंच टोकाशी ठेवा. डोक्यावर काच असेल तर ती लॅमिनेटेडच हवी, म्हणजे फुटली तरी मधला प्लास्टिकचा थर तुकडे धरून ठेवतो. नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कधी कधी काही न लागताही फुटते, आणि तिचे तुकडे खालीच पडतात.

बंगल्यातल्या पूलवर छत घालताना ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ यावर विसंबू नका. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टरच्या बंदिस्त पूलचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. ते छत ज्या स्टेनलेस सळ्यांना टांगलेलं होतं, त्यांना क्लोराइडमुळे आतून तडे गेले होते. पूलची क्लोरीनयुक्त वाफ वर जाऊन धातूवर बसते, आणि तिथे पाऊस पोहोचत नसल्याने ती धुतलीही जात नाही. अशा ठिकाणी भार घेणारा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) पोलादाचा किंवा पावडर कोटेड ॲल्युमिनियमचा घ्या. ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू मारू देऊ नका, आणि वरचे सांधे शिडी लावून हाताने तपासता येतील असे उघडे ठेवा. फॉल्स सीलिंगने झाकू नका.