एम, एएमजी, आरएस: बॅज ओळखायचा कसा आणि आतली बटणं तपासायची कशी

स्टीअरिंगवर तीन रंगांचा एम दिसला की ही बीएमडब्ल्यूची खरी वेगवान एम गाडी, असं धरून वापरलेली गाडी बघायला जाणारे खूप असतात आणि विकणाराही काही बोलत नाही, त्याला काय पडलंय. तर आधी बॅजचं गणित उरकून टाकू, मग आत बसू, कारण रोज त्रास होतो तो आतल्याच गोष्टींचा.

बीएमडब्ल्यूत एम स्पोर्ट म्हणजे बंपर, स्टीअरिंग, चाकं, सीट आणि बऱ्याचदा थोडं कडक सस्पेन्शन, पण इंजिन साधंच. त्याच्या वर एम परफॉर्मन्स, म्हणजे एम आणि पुढे तीन आकडे, उदा. एम340आय. आणि खरी एम म्हणजे एम आणि एकच आकडा, एम2, एम3, एम5. एसयूव्हीत मात्र उलटं, तिथे एम शेवटी येतो, एक्स5 एम ही पूर्ण एम पण एक्स5 एम60आय नाही. शंका आलीच तर इंजिनचा कोड विचारा, एम340आयमध्ये बी58 आहे आणि आत्ताच्या एम3 मध्ये एस58, दोन्ही तीन लिटर सहा सिलिंडर टर्बो, पण एसवालं एम विभागाचं (हा विभाग 1972 पासून आहे).

ऑडीत एस लाइन म्हणजे मुख्यतः वरचे कपडे, इंजिन साधंच, एस म्हणजे मधली, आरएस म्हणजे सगळ्यात वरची, ती ऑडी स्पोर्ट कंपनीची, जिचं नाव 2016 पर्यंत क्वात्रो होतं. इथे गोंधळ कमी आहे.

मर्सिडीजमध्ये मात्र आकड्यांवर जाऊ नका. एएमजी हा मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग, पण एएमजी लाइन हा परत दिसण्याचाच प्रकार. वरच्या एएमजी गाड्यांवरचा 63 हा आकडा 1968 च्या 6.3 लिटरवाल्या 300 एसईएलच्या आठवणीतला, नंतर 6.2 लिटर व्ही8 ला (आठ सिलिंडरचं इंजिन) तो लावला, मग 4 लिटर टर्बोलाही तोच, आणि 2022 च्या सी63 मध्ये 2 लिटर चार सिलिंडर अधिक हायब्रिड, 680 पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच). ताकद आहे हो, पण व्ही8 चा आवाज डोक्यात ठेवून जाल तर तोंड पडेल. बॉनेट उघडून इंजिन बांधणाऱ्याच्या सहीची पट्टी पण बघा, ती एकाच माणसाने हाताने बांधलेल्या एएमजी इंजिनावर असते, जुन्या व्ही6 वाल्या सी43 वर ती नसायची.

आता आत बसा, गाडी उभीच राहू दे. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. नजर समोर ठेवा आणि न बघता पाच कामं करा: तापमान दोन डिग्री कमी, आवाज कमी, समोरच्या काचेचा डीफॉगर चालू, वायपर एक पायरी वर, ड्राइव्ह मोड (कम्फर्ट, स्पोर्ट वगैरे) बदल. किती वेळा खाली बघावं लागलं ते मोजा. बटण असेल तर बोट स्वतः शोधून काढतं, स्क्रीन असेल तर डोळे न्यावेच लागतात, एवढं साधं आहे. बीएमडब्ल्यूच्या आयड्राइव्ह नॉबला (स्क्रीन चालवायचा फिरता गोळा) 2001 ला सेव्हन सीरिजमध्ये आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या आणि आता नव्या एक्स1 मधून काढला तर तेच लोक हळहळतात, मी पण त्यातलाच. एकाच मॉडेलमध्येही फरक पडतो, आत्ताच्या एम3 ला सुरुवातीला एसीची खरी बटणं होती, नंतर वक्र डिस्प्ले आला आणि ती स्क्रीनमध्ये गेली.

मर्सिडीजला एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्टीअरिंगच्या उजवीकडची दांडी म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर, इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या दांडीवर. उजव्या हाताने इंडिकेटर द्यायची सवय असेल तर वळणाआधी हात आपोआप तिकडे जातो आणि गाडी न्यूट्रल. पहिले काही दिवस डावा हात मुद्दाम वापरा.

ऑटोमॅटिक गाडीत हाताने गिअर टाकायची दिशाही तपासा. बीएमडब्ल्यूत लीव्हर पुढे ढकलला की गिअर खाली, मागे ओढला की वर, ब्रेक मारताना अंग पुढे जातंच त्यामुळे मला हेच पटतं. लीव्हरवाल्या ऑडीत उलटं, पुढे म्हणजे वर. दोन्ही ब्रँड एकाच दिवशी चालवणार असाल तर सरळ स्टीअरिंगमागची पॅडल वापरा, उजवं वर, डावं खाली.

मोडचं सेटिंग एकदाच बसून करा, म्हणजे नंतर ते एका बटणावर येतं. बीएमडब्ल्यू एममध्ये स्टीअरिंगवरची एम1 आणि एम2 बटणं, ऑडीत आरएस बटण, एएमजीत उजवीकडे फिरवायचं चाक आणि डावीकडे दोन डिस्प्ले बटणं. माझा सल्ला, पहिल्या बटणावर इंजिन स्पोर्ट पण सस्पेन्शन कम्फर्ट, स्टीअरिंग हलकं, स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालू. खराब रस्त्यावर कडक डँपरने (शॉक अॅब्सॉर्बर) चाक उसळतं, पकड जाते आणि वेग वाढतो असं नुसतं वाटतं. दुसऱ्यावर काय ठेवायचं ते ठेवा.

टेस्ट ड्राइव्हला निघताना मोड आधी कम्फर्टला आणा, डेमो गाडी बऱ्याचदा स्पोर्ट प्लस आणि एक्झॉस्ट उघडा अशीच हातात देतात, मग दहा मिनिटं नुसता आवाज ऐकून घरी येता.