बंद वाटेवरचे अभिसरण: हिशेब कसा मांडावा

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि मानाचे नंदीध्वज शहरातील ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. प्रदक्षिणा म्हटली की वाट बंद हवी आणि दिशा ठरलेली हवी. सदिश क्षेत्राच्या अभिसरणालाही, ज्याला वर्गात आपण सर्क्युलेशन म्हणतो, याच दोन गोष्टी आधी लागतात. हा भाग शिकवताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे की विद्यार्थी संकलन करताना फारसे चुकत नाहीत. ते त्याआधीच, वाट आणि दिशा कागदावर न मांडता सूत्राकडे धावल्यामुळे चुकतात.

सदिश क्षेत्र म्हणजे प्रतलातील प्रत्येक बिंदूवर काढलेला एक बाण: वाऱ्याचा वेग, पाण्याचा प्रवाह किंवा एखादे बल. त्या क्षेत्रातून आपण एका वाटेने चालत गेलो, तर प्रत्येक लहानशा पावलावर क्षेत्राचा जो घटक आपल्या चालण्याच्या दिशेत येतो, त्याला पावलाच्या लांबीने गुणायचे आणि असे सर्व गुणाकार मिळवायचे. पावले लहान लहान करत नेली की ही बेरीज ज्या संख्येकडे जाते, तिला रेषा-संकलन किंवा लाइन इंटिग्रल म्हणतात. बाण पाठीमागून साथ देत असेल तर भर पडते, समोरून येत असेल तर वजाबाकी होते आणि काटकोनात असेल तर काहीच मिळत नाही. क्षेत्र बलाचे असेल, तर हीच संख्या म्हणजे त्या बलाने केलेले कार्य होय.

आता घरातील चादर जमिनीवर अंथरा. ती ३ एकक लांब आणि २ एकक रुंद आहे असे धरू. डावीकडील खालचा कोपरा हा आरंभबिंदू, लांबीच्या दिशेला क्ष आणि रुंदीच्या दिशेला य घ्या. क्षेत्र असे घ्या की बाणाचा क्ष-घटक −य आणि य-घटक क्ष असेल. समोरच्या कोपऱ्यावर, म्हणजे (३, २) वर, पोहोचायचे आहे. आधी खालच्या काठाने गेलो, तर तेथे य शून्य असल्याने क्ष-घटकही शून्य असतो आणि हाती काही येत नाही; पुढे उजव्या काठाने वर जाताना क्ष सतत ३ असतो, म्हणून ३ × २ = ६ मिळतात. उलट आधी डाव्या काठाने वर गेलो, तर शून्य मिळते, आणि वरच्या काठाने उजवीकडे जाताना य सतत २ असल्याने क्ष-घटक −२ राहतो, म्हणून −२ × ३ = −६ मिळतात. कर्णावरून सरळ गेलो, तर बाण प्रत्येक पावलाला काटकोनात येतो आणि उत्तर शून्य! टोके तीच असूनही ६, ० आणि −६ अशी तीन वेगळी उत्तरे आली. हे उदाहरण स्वतःच्या हाताने सोडवल्याशिवाय कृपया पुढे जाऊ नये, कारण पुढचे सारे यातूनच निघते.

पहिल्या वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने उलटे परत आलो, तर चादरीची एक पूर्ण फेरी होते, तीही घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे गणितात धन मानलेल्या दिशेने. परतीच्या वाटेचे चिन्ह पालटते, म्हणून अभिसरण, म्हणजे बंद वाटेवरचे रेषा-संकलन, ६ + ६ = १२. फेरी उलट घातली, तर −१२. आता क्षेत्रातील एकच वजाचिन्ह काढून टाका: क्ष-घटक य, य-घटक क्ष. तिन्ही वाटांनी उत्तर ६ येते आणि फेरीचे अभिसरण शून्य होते. याचे कारण असे की हे क्षेत्र क्ष × य या एकाच फलाचा ग्रेडियंट आहे, म्हणजे क्षेत्राचे घटक हे त्या फलाचे क्ष आणि य दिशांतील बदलाचे दर आहेत. अशा क्षेत्रात फक्त दोन टोकांवरील किमतींची वजाबाकी उरते.

वाट वक्र असेल, तर ती एका प्रचलात, म्हणजे चालताना बदलत जाणाऱ्या एकाच संख्येत (पॅरामीटर), लिहावी, क्षेत्रात क्ष आणि य यांच्या जागी त्या किमती घालाव्यात, वाटेच्या विकलजाशी, म्हणजे प्रचलानुसार होणाऱ्या बदलाच्या दराशी, अदिश गुणाकार करावा (क्ष-घटकांचा गुणाकार अधिक य-घटकांचा गुणाकार) आणि मगच संकलन करावे. प्रचलाच्या सीमा चालण्याच्या क्रमानेच लिहाव्यात.

काठावरचे अभिसरण आतल्या भागाच्या हिशेबातून काढून देणारे ग्रीनचे प्रमेय चादरीच्या विणीतून छान दिसते. ताण्याबाण्याने पडलेल्या प्रत्येक बारीक चौकटीभोवती एकाच दिशेने फेरी घाला. शेजारच्या दोन चौकटींची सामाईक कड एकदा वर आणि एकदा खाली चालली जाते, म्हणून आतले सारे एकमेकांत फिटते आणि केवळ बाहेरचा काठ उरतो. एकेका चौकटीचे योगदान म्हणजे कर्ल (य-घटकाचा क्ष-दिशेतील बदलाचा दर वजा क्ष-घटकाचा य-दिशेतील बदलाचा दर) गुणिले तिचे क्षेत्रफळ. आपल्या पहिल्या क्षेत्राचा कर्ल सर्वत्र २ आहे आणि चादरीचे क्षेत्रफळ ६, म्हणून १२.

मात्र चादरीला भोक असेल तर सावध राहावे. त्याच क्षेत्राला क्ष² + य² ने भागा. कर्ल आता आरंभबिंदू सोडून सर्वत्र शून्य आहे, आणि येथेच बहुतेक जण घाईने अभिसरण शून्य लिहून मोकळे होतात. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येच्या वर्तुळावर क्ष = कोसाइन ट, य = साइन ट घ्या. अदिश गुणाकार साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग, म्हणजे १ येतो, आणि पूर्ण फेरीचे उत्तर पायच्या दुप्पट, सुमारे ६.२८. त्रिज्या कितीही घेतली तरी हेच उत्तर राहते. सिद्धेश्वर मंदिर तळ्यात आहे. तेथे जाण्याची वाट क्षणभर बाजूला ठेवली, तर मंदिराभोवती पाण्यावर टाकलेला दोर पाण्यातल्या पाण्यात आवळत एका बिंदूवर आणता येणार नाही, कारण मध्ये मंदिर आहे. येथे आरंभबिंदू तसाच मध्ये उभा आहे. स्थिर विद्युतप्रवाह वाहणाऱ्या लांब, सरळ तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तारेबाहेर नेमके याच आकाराचे असते. तारेला वेढा घालणाऱ्या वाटेवरचे त्याचे अभिसरण प्रवाहाच्या प्रमाणात येते, हा अँपिअरचा नियम, आणि तार वेढ्याबाहेर राहिली तर ते शून्य. म्हणून कर्ल काढण्यापूर्वी वाटेच्या आत क्षेत्र कोठे अनिर्धारित होते, ते आधी पाहावे.