आवाज येतोय, पण कसला?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर, २६ वर्षं काढली. फोन येतो, ‘मामा, मशीन आवाज करतंय.’ एकदा एवढंच ऐकून मी ‘उद्या येतो’ म्हणालो आणि रातोरात बेअरिंग जळून शाफ्टला धरलं. तेव्हापासून हाताखालच्या पोरांना पाना देण्याआधी आवाजाचे शब्द शिकवतो.

बारीक, टोचणारा आवाज सांगायचा तर आधी स्वर धरा. कुरकुर, करकर, किरकिर असं एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. व्यंजनं तीच. पण ‘उ’ला ओठांचा चंबू होऊन आवाज खोल जातो, ‘इ’ला जीभ टाळूकडे चढते, जागा अरुंद होते नि आवाज पातळ निघतो. म्हणून जुनी खाट कुरकुरते, नवं कोल्हापुरी पायताण करकरतं आणि रातकिडा किरकिरतो. देवळातली मोठी घंटा घणघणते, पूजेतली किणकिणते. हे शब्द आवाजाची नक्कल करूनच झालेत. शब्द सुचेना, तर तोंडानं आवाज काढा. त्यातच तो सापडतो.

मग आवाज कधी येतो ते सांगा. बेल्ट ढिला असला की मशीन चालू करताना किंचाळतो आणि वेग धरला की गप्प होतो. वंगण संपलेलं बेअरिंग मात्र सारखं चिरचिरतं. असं कुणी म्हणालं की मी आधी मशीन बंद करायला लावतो. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, त्याच्या पकडीतून (पोस्टातून) फार बाहेर काढलं असेल तर कापताना थरथरून चिरकतं. मशीन थांबवून जॉबवर, म्हणजे कातलेल्या तुकड्यावर, नख फिरवा, बारीक लाटा लागतील. टूल आत घेऊन आवळा, पुन्हा कापून बघा.

‘कर्कश’ सरसकट वापरू नका. संस्कृतात तो आधी हाताला लागणाऱ्या खरबरीत, टणक गोष्टीचा शब्द. कानाकडे नंतर आला. त्यामुळे नुसता उंच आवाज कर्कश होत नाही, त्यात खरखर हवी. ग्राइंडर लोखंडाला भिडतो, तो कर्कश. अंबाबाईच्या देवळातली सनई चढली तर तिला तारस्वर म्हणा. गाण्यातल्या मंद्र, मध्य, तार या सप्तकांतला हा ‘तार’, म्हणजे उंच.

‘चीत्कार’ म्हणजे ‘चीत्’ असा आवाज करणं. हुंकार, फूत्कार त्याच घडणीचे. हत्तीला तो शोभतो, घोड्याला खिंकाळणंच.

आणि मोराच्या हाकेला केका. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत स्वतःला मयूर म्हणवत, म्हणून देवाला घातलेल्या आर्त हाकांना त्यांनी ‘केकावली’ नाव दिलं. वळवाच्या आधी शिवारातून ती लांब, चिरत जाणारी हाक आली की पोरं म्हणतात, ‘मामा, मोर ओरडतोय.’ मी हातातलं काम थांबवतो आणि त्यांच्याकडून ‘केका’ म्हणवून घेतो.