स्ट्रॉबेरी मान टाकते, तेव्हा माती तपासा

दिवाळीनंतर लावलेली स्ट्रॉबेरी ऐन बहरात असताना एखादं रोप दुपारी मान टाकतं. संध्याकाळपर्यंत ते सावरलं नाही आणि माती ओलीच असेल, तर आणखी पाणी घालू नका. रोप उपटून मुळं धुवा. पानं फुटतात तो जाड भाग, म्हणजे क्राऊन, चाकूने उभा चिरा. आत पांढरट असायला हवं. तांबूस-तपकिरी दिसलं तर क्राऊनकूज. मुळं काळी पडून त्यांची साल चिमटीत सुटत असेल तर मूळकूज. बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम बुरशी. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून वरची 5-7 सेंटीमीटर माती दाण्यांसकट उचला.

असं रोप औषधाने वाचत नाही. पिशवीत बांधून टाका. माडाच्या आळ्यात किंवा कंपोस्टात तर मुळीच नको. चाकू-खुरपं स्पिरिटने पुसा. शेजारच्या रोपांच्या मुळांशी कॉपर ऑक्सिक्लोराईड (50 टक्के) लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात ओता. फळं धरली असतील तर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर बघा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, त्यानंतर 15 दिवसांनी द्या. कॉपरमधलं तांबं तिलाही मारतं.

मातीतली बुरशी मारायचा खरा इलाज एप्रिल-मेच्या उन्हात आहे. वाफा खणून ढेकळं फोडा, वीतभर खोल भिजेल इतकं पाणी द्या आणि 25-50 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणून कडा पुरा. 4 ते 6 आठवडे हलवू नका. माती कोरडी असेल तर उष्णता खोल जात नाही, आणि काळ्या प्लास्टिकखाली ती पुरेशी तापत नाही. वळवाचं पाणी वर साचलं तर लगेच निपटून काढा. नंतर खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर येते. कुंडीतली माती ओली करून पारदर्शक पिशवीत पातळ पसरा आणि गच्चीवर ठेवा.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. मुळं आणि क्राऊन कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणून कुंडीची तापवलेली माती पावसाळ्यात पडवीत ठेवा आणि वाफ्यात बाहेरचं पाणी शिरू देऊ नका. चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) किलोभर कुजलेल्या शेणखतात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा, मग मातीत मिसळा.

रोपं महाबळेश्वरची असोत वा गोव्यातल्याच वेर्ले गावची, लावण्याआधी मुळं लिटरला 10 ग्रॅम ट्रायकोडर्माच्या पाण्यात 15-20 मिनिटं बुडवा. वाफा 25 सेंटीमीटर उंच, क्राऊन मातीच्या बरोबर पातळीला. तो गाडला गेला तर हमखास कुजतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. वांगी, मिरची, टोमॅटो घेतलेल्या जागी स्ट्रॉबेरी तीन वर्षं तरी नको.