मॅप ॲप बनवताय? मग या चुका टाळा

मॅप चुकला की सगळे म्हणतात जीपीएस गंडलं, पण बऱ्याचदा जीपीएस ठीक असतं, घोळ डेटात असतो. ॲपलनं सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ सोबत स्वतःचा मॅप आणला आणि त्याच महिन्यात ॲपलचा तेव्हाचा सीईओ टिम कुकला जाहीर माफी मागून सांगावं लागलं की आम्ही सुधारणा करेपर्यंत दुसरे मॅप वापरा. पैसा, माणसं, सगळं हाताशी असून हे झालं!

त्यातलं मिल्डुराचं प्रकरण मला कायम अस्वस्थ करतं. हे ऑस्ट्रेलियातलं शहर मॅपवर दिसत होतं मरे-सनसेट नॅशनल पार्कच्या मधोमध, खऱ्या जागेपासून जवळपास ७० किमी लांब, तिथे पाणी नाही, उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत जातो, आणि लोक मॅपवर भरवसा ठेवून तिकडे गेले, काही तर २४ तास अडकले, शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांनीच इशारा दिला. झालं काय होतं, तर ठिकाणांच्या सरकारी यादीत मिल्डुरा नावाच्या दोन नोंदी होत्या, एक शहराची आणि एक त्याच नावाच्या मोठ्या प्रशासकीय भागाची, आणि त्या भागाचा पॉइंट पार पार्कात.

म्हणून नाव जुळलं म्हणजे जागा जुळली असं धरू नका. नोंद शहराची आहे की आख्ख्या भागाची ते आधी बघा, आणि शहराची पिन जिथे पडतेय तिथे आसपास रस्ते, इमारती काहीच नसतील तर ती लाइव्ह जाऊच देऊ नका.

पिना भलत्याच देशात पडतायत? अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीय का बघा, कारण जिओजेसनमध्ये (जागांचा डेटा साठवायचा एक फॉरमॅट) रेखांश आधी येतो आणि लीफलेटसारख्या मॅप दाखवणाऱ्या कोड लायब्ररीत अक्षांश आधी. सगळ्या पिना आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जमल्या तर रिकाम्या फील्डमध्ये ०,० सेव्ह होतंय. चीनमध्ये पिना शेकडो मीटर सरकल्या तर तिथली जीसीजे-०२ पद्धत आठवा, म्हणजे अक्षांश-रेखांश मुद्दाम थोडे सरकवून देणारी चीनची सरकारी पद्धत.

उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, तेव्हा दिसायला बरं म्हणून ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ काढू नका, प्लीज, आपण नक्की कुठे आहोत याची खात्री नाही हे माणसाला त्यावरूनच कळतं.

आणि तक्रारीचं बटण तीन मेनूंच्या आत लपवू नका. तक्रार आली की फक्त तेवढी पिन सरकवून तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करायचं नाही, त्याच यादीतून आलेल्या बाकीच्या नोंदीही तपासा, एक मिल्डुरा सापडलं तर दुसरंही तिथेच असू शकतं.